खानदेशातील गोड्या पाण्यातील कीटक

आयुष्याचा निदान एक टप्पा नदी, नाला, तळे, विहीर, पाट किंवा साध्या डबक्यात काढणारे कीटक. चतुर, टाचण्या (चतुराचेच बारीक अंगाचे भाऊबंद), मेफ्लाय (नाजूक पंखांचे अल्पायुषी कीटक), कॅडिसमाश्या, पाणभुंगे, पाणढेकूण, पाणविंचू, चिलटे आणि डास हे त्यांतले ठळक गट. गोड्या पाण्याने पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही व्यापलेला नाही, तरी त्यावर जगणाऱ्या कीटकांच्या ज्ञात जाती लाखाच्या घरात जातात. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मात्र पाण्याआधी पाणी नसण्याचा विचार करावा लागतो. इथल्या बहुतेक नद्या पावसाळ्यात वाहतात, हिवाळ्यात डोहाडोहांत तुटतात आणि वैशाखात त्यांची नुसती वाळू उरते. या वेळापत्रकात जे बसले तेच कीटक इथे टिकले.

अधिवास : मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी, ७२४ किमी लांबीची तापी खानदेशाला पूर्वेकडून पश्चिमेकडे ओलांडते. सातपुड्यातून सुकी, मोर, अनेर, गोमाई या नद्या तिला मिळतात. दुसऱ्या बाजूने पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा आणि बुराई येतात. बहुतेक सपाट भागात वर्षाला साधारण ६०० ते ८०० मिमी पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. नवापूर-अक्कलकुव्याकडे त्याहून बराच जास्त पडतो.

सातपुड्यातल्या ओढ्यांचा तळ दगडगोट्यांचा आणि काठ झाडीचा. अशा ठिकाणी पाण्यातला दगड उलटा करावा. त्याला चिकटलेली मेफ्लायची चपट्या अंगाची पिल्ले दिसतात, रेशमाने वाळूचे कण जोडून घर करणाऱ्या कॅडिसमाशीच्या अळ्या दिसतात. कॅडिसचे काही प्रकार घर न करता दोन दगडांच्या फटीत जाळे ताणतात आणि प्रवाहाने आणून दिलेले खातात. पाणी सपाटीवर आले की चित्र बदलते. सरकत्या वाळूत पाय रोवायला जागा नसते, म्हणून वाळूचे पात्र कीटकांच्या दृष्टीने जवळपास ओसाड असते. त्यांची खरी वस्ती काठच्या लव्हाळ्यात, बुडालेल्या मुळांत आणि डोहांच्या कडेला सापडते.

माणसाने केलेले पाणी हा तिसरा प्रकार, आणि खानदेशात तो दुय्यम मानता येत नाही. पांझरेवरच्या फड पद्धतीत बंधाऱ्याचे पाणी पाटाने शेतात खेळवण्याची रीत काही शतकांची आहे. पाटकरी पाणी सोडतो आणि बंद करतो, त्या तालावर पाटातल्या किड्यांचेही दिवस ठरतात. चांगदेवाजवळ तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरण झाले, पश्चिमेला गुजरातेतल्या उकाई धरणाचा फुगवटा नंदुरबार जिल्ह्यात शिरला. वाहत्या पाण्याचे असे तळे झाले की प्रवाहात श्वास घेणारे कीटक मागे हटतात आणि साचलेल्या पाण्याचे रहिवासी पुढे येतात.

श्वास : २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशाला तो ७ च्या आसपास येतो. मे महिन्यातला उथळ डोह म्हणूनच कोंदट खोलीसारखा असतो. मेफ्लायच्या पिल्लांना पोटाच्या कडेला पानांसारखे कल्ले असतात; वाहत्या, थंड पाण्यात त्यांचे भागते, तापलेल्या डोहात ती आधी मरतात. पाणविंचवाला शेपटीसारखी दिसणारी नळी असते. तिने दंश करतात अशी समजूत आहे, पण ती श्वासाची नळी आहे. टोक पाण्याबाहेर काढून तो हवा ओढतो. (तोंडाची सोंड मात्र तो खरोखर टोचतो.) पाणभुंगा पंखांच्या कवचाखाली हवा घेऊन बुडी मारतो. उताणे पोहणाऱ्या अ‍ॅनिसॉप्स या पाणकिड्याच्या आणि चिलटांच्या लाल अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तात असते तसे हिमोग्लोबिन असते. चिलटाच्या अळीला त्यामुळे गाळात, जिथे प्राणवायू नावालाच असतो, तिथेही तग धरता येते.

जीवनक्रम : पाण्यातले बालपण आणि हवेतले तारुण्य, असा या कीटकांचा सर्वसाधारण संसार. पाणभुंगे आणि पाणढेकूण याला अपवाद, ते प्रौढपणीही पाण्यातच राहतात आणि केवळ जागा बदलायला उडतात. भुंगे, डास, चिलटे, कॅडिस यांत अंडे, अळी, कोष, प्रौढ असे चार टप्पे. चतुर, मेफ्लाय आणि पाणढेकूण यांत कोष नसतो. पिल्लू कात टाकत टाकत मोठे होते.

मेफ्लायचे प्रौढपण बहुधा काही तासांचे ते एक-दोन दिवसांचे. त्याला उपयोगाचे तोंडच नसते. पाण्यातून बाहेर आल्यावर, पंख फुटल्यानंतरही, ते आणखी एकदा कात टाकते. पंखांसह कात टाकणारा हा कीटकांतला एकमेव गट आहे.

चतुराचे पिल्लू पाण्यातला वाघ म्हणावे असे. त्याचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो आणि सेकंदाच्या काही शतांश भागात पुढे झेपावून डासाची अळी, बेडकाचे पिल्लू, प्रसंगी छोटा मासाही पकडतो. त्याचे कल्ले गुदद्वाराच्या आत असतात. घेतलेले पाणी जोराने मागे फेकून ते पुढे सटकते. टाचणीच्या पिल्लाला मात्र शेपटीशी तीन पाती असतात, त्यावरून दोन्ही सहज ओळखता येतात. वाढ पुरी झाली की पिल्लू रात्री किंवा पहाटे काठच्या काडीवर चढते, पाठ उलते आणि चतुर बाहेर येतो. तळ्याकाठच्या बेशरमाच्या झुडपांवर सकाळी रिकाम्या काती लटकलेल्या दिसतात, त्या याच. गावाकडे पोरे चतुराच्या शेपटीला दोरा बांधून त्याचे विमान करत. त्यांतल्या फार थोड्यांना हे ‘विमान’ पाण्यातून आल्याचे ठाऊक असते.

पाणढेकणांच्या डिप्लोनिकस प्रजातीत मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवून निघून जाते. पिल्ले बाहेर पडेपर्यंत नर ती पाठीवर वागवतो, वरचेवर पृष्ठभागाशी येऊन त्यांना हवा देतो. त्याच्या पाठीवरचे ते पांढुरके दाणे पाहून अनेकांना तो रोगट किडा वाटतो.

कोरड्याचे उपाय : पाणी आटल्यावर काय करायचे, याची उत्तरे गटागणिक वेगळी आहेत.

पहिले उत्तर घाई. पँटाला फ्लॅव्हेसेन्स हा पिवळसर चतुर पावसाच्या नव्या डबक्यात अंडी घालतो आणि दीड-दोन महिन्यांत त्याची पुढची पिढी उडू लागते. बहुतेक चतुरांना याहून कितीतरी जास्त वेळ लागतो. भाद्रपद-आश्विनात ज्वारी-बाजरीच्या शेतांवर जे थवे घिरट्या घालतात त्यांत हाच मुख्य असतो. मॉन्सून परतताना याचे थवे भारतातून मालदीवमार्गे हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात, असे अभ्यासक मानतात. कापडण्याच्या किंवा पाचोऱ्याच्या शिवारातल्या डबक्यात जन्मलेला जीव समुद्रापार जाऊ शकतो, ही शक्यता तरी त्यामुळे नाकारता येत नाही.

दुसरे उत्तर स्थलांतर, पण जवळचे. पाणढेकूण आणि पाणभुंगे रात्री उडून उरलेले पाणी शोधतात. दिव्याखाली धपकन पडणारे मोठे तपकिरी किडे बहुधा या प्रवासातले असतात. तिसरे उत्तर वाट पाहणे. लेस्टीस गटातल्या टाचण्या पंख फुटल्यावरही महिनोन्महिने प्रजनन न करता झुडपांत थांबतात आणि पावसाबरोबर पाण्यावर येतात. काही चिलटांच्या अळ्या ओल्या गाळात खोल उतरतात.

उरलेल्यांना आसरा लागतो. आटत्या नदीतले एक-दोन डोह, पाण्यासाठी वाळूत खणलेला झिरा, बारमाही विहीर, पाझर तलाव, ही उन्हाळ्यातली बेटे. विहिरीच्या काळ्या दगडी भिंतीवर करड्या ठिपक्यांचा एक चतुर बसलेला असतो, हलल्याशिवाय तो दिसत नाही. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हे त्याचे नाव. विहिरी, खडकातली कुंडे आणि सिमेंटच्या टाक्या हेच त्याचे प्रजननस्थान. राज्यात २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे नवी पाणीसाठवण वाढली. त्यांतल्या प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यांत पाणी टिकते, पण गाळ नाही आणि काठाला काडीही नाही. पाणढेकणाला ती चालतात, गाळात राहणाऱ्या अळीला नाहीत. डोहाची जागा शेततळे घेईल असे समजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

डास : मच्छर हाही याच कुळाचार पाळणारा जीव. अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफॅसीस हा ग्रामीण भागातला हिवतापाचा प्रमुख वाहक. पूर ओसरल्यावर नदीपात्रात राहिलेली स्वच्छ डबकी आणि संथ पाट त्याला मानवतात. डेंग्यूचा वाहक एडीस इजिप्ती नदीकडे फिरकत नाही. नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात घरोघरी टाक्या, ड्रम आणि रांजण भरलेले असतात. उन्हाळी कूलरही असतो. ही मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या भिंतीला अंडी चिकटवते आणि ती कोरड्यात कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढले की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळायचा असतो. भांडे केवळ उपडे करून भागत नाही, आतली भिंत घासावी लागते. डोह-तळ्यांत चतुराची पिल्ले आणि पाणढेकूण डासांच्या अळ्या खातात, पण घरातल्या ड्रममध्ये त्यांचा शिरकाव होत नाही. एडीसला नेमका तोच फायदा मिळतो.

पाण्याची पारख आणि धोके : मेफ्लाय, स्टोनफ्लाय (वाहत्या पाण्यात दगडांखाली वाढणारा कीटक) आणि कॅडिसमाशी हे तीन गट भरपूर असले तर पाणी चांगले, आणि उरल्या फक्त लाल अळ्या तर ते सडलेले, असा जगभर वापरला जाणारा ठोकताळा आहे. तो खानदेशात डोळे मिटून लावू नये. मे महिन्यातला डोह सांडपाण्याचा थेंबही न पडता गरीब दिसतो. तुलना करायची ती पावसाळ्यानंतर, कार्तिकाच्या सुमारास, आणि तशाच दुसऱ्या डोहाशी.

कापसावर वापरल्या जाणाऱ्या इमिडाक्लोप्रिडसारख्या औषधांचा मेफ्लायवर अगदी कमी मात्रेतही परिणाम होतो. फवारणीनंतरचा पाऊस ती नाल्यात उतरवतो. वाळू उपशाने डोहांची रचनाच मोडते आणि उन्हाळ्यातला आसरा जातो.

एक नवा प्रश्न उजेडाचा आहे. पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा, असतो आणि मेफ्लायसारखे कीटक त्यावरूनच पाणी ओळखतात. काळे डांबर आणि सौर पॅनेल तसाच प्रकाश परतवतात. मेफ्लाय पॅनेलला पाणी समजून त्यावर अंडी घालतात हे प्रयोगांत दिसले आहे. साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प आहे आणि उन्हाच्या या मुलखात असे प्रकल्प वाढतच जाणार. पॅनेलवर पांढऱ्या रेघांची जाळी काढली की हे कीटक फसण्याचे प्रमाण कमी होते, असेही त्याच प्रयोगांत आढळले.