डेटाबेस कनेक्शनच्या सेटिंग्ज कशा घडत गेल्या

ईआरपी (कंपनीचा सगळा कारभार सांभाळणारं सॉफ्टवेअर) बसवताना समोर येणारा कनेक्शनचा फॉर्म दिसायला छोटा असतो. सर्व्हर, पोर्ट, डेटाबेसचं नाव, युजर, पासवर्ड आणि खाली पूल (तयार ठेवलेली कनेक्शन्स) व टाइमआउटचे (किती वेळ थांबायचं याचे) आकडे. बरेच जण ते जुन्या सिस्टिमवरून जसेच्या तसे उतरवतात आणि तिथेच घात होतो. यातला जवळपास प्रत्येक रकाना कुठल्या तरी काळातल्या अडचणीवर काढलेला तोडगा आहे, आणि ती अडचण माहीत नसेल तर आकडा बरोबर आहे की चूक हे कळायला मार्गच उरत नाही.

मेनफ्रेमवर (मोठ्या मध्यवर्ती संगणकावर) प्रोग्रॅम आणि डेटा बहुधा एकाच यंत्रावर असायचे, त्यामुळे पत्त्याची फारशी गरज नव्हती. क्लायंट-सर्व्हर पद्धत (प्रोग्रॅम पीसीवर, डेटा सर्व्हरवर) आली तशी ती निर्माण झाली, शिवाय प्रत्येक डेटाबेसशी बोलण्याची रीतही वेगळी. 1992 मध्ये मायक्रोसॉफ्टने ओडीबीसी, म्हणजे कुठल्याही डेटाबेसशी बोलण्याची सामाईक रीत, आणली आणि पत्ता प्रोग्रॅममधून निघून डीएसएन (डेटा सोर्स नेम) या नावाखाली विंडोजमध्ये नोंदला जाऊ लागला. ओरॅकलमध्ये हेच काम टीएनएसनेम्स.ओरा ही फाइल करायची. अडचण एवढीच की ही नोंद प्रत्येक पीसीवर असे. सर्व्हर हलला की टेबलाटेबलावर जाऊन बदल करा! त्या काळाचा एक अवशेष अजून छळतो: 64-बिट विंडोजमध्ये 32-बिट डीएसएनचं टूल सिसवाव64 फोल्डरमध्ये आणि 64-बिटचं सिस्टिम32 मध्ये असतं. चुकीच्या टूलमध्ये डीएसएन केला की टेस्ट यशस्वी होते, पण सॉफ्टवेअरला तो सापडत नाही.

एसएपी कंपनीचं आर/3 हे ईआरपीही 1992 चंच. त्यात डेटाबेस आणि वापरणारा यांच्यामध्ये अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर (प्रोग्रॅम चालवणारं मधलं यंत्र) होता, त्यामुळे पत्ता मोजक्या ठिकाणी राहिला. पुढे 1997 मध्ये जेडीबीसी (जावासाठी ओडीबीसीसारखीच सोय) आणि मग जावाचे अ‍ॅप्लिकेशन सर्व्हर आले, तेव्हा कनेक्शन पूल सर्रास रुळला. नवं कनेक्शन उघडणं महाग पडतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस तर प्रत्येक कनेक्शनसाठी स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. म्हणून उघडलेली कनेक्शन्स जपून पुन्हा पुन्हा वापरायची.

पण पूल आला तसे त्याचे आजारही आले. मायएसक्यूएल (आणखी एक डेटाबेस) 8 तास स्वस्थ बसलेलं कनेक्शन आपणहून तोडतं (मूळ सेटिंग 28800 सेकंद). रात्रभर काम नसलं की पूलमधली कनेक्शन्स मेलेली असतात, पूलला पत्ता नसतो आणि सकाळी पहिल्या माणसाला एरर येते. कनेक्शन देण्याआधी 'सिलेक्ट 1' ही अगदी साधी क्वेरी चालवून बघण्याची सेटिंग यासाठीच आहे. दुसरा आजार गुणाकाराचा. पोस्टग्रेसची मूळ मर्यादा 100 कनेक्शन्सची. चार अ‍ॅप्लिकेशन सर्व्हरवर प्रत्येकी 30 चा पूल ठेवला, तर गर्दीच्या वेळी 120 ची मागणी होणार आणि काहींना नकार मिळणारच.

पासवर्ड मात्र फार काळ कॉन्फिग फाइलमध्ये उघडाच पडून राहिला. 2011 च्या सुमारास हेरोकू या क्लाउड कंपनीच्या मंडळींनी अशा गोष्टी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्रॅमला बाहेरून, सिस्टिमकडून मिळणाऱ्या मूल्यांत) ठेवण्याचा आग्रह धरला. नंतर हॅशिकॉर्प व्हॉल्टसारखी पासवर्ड सांभाळणारी साधनं ठरावीक मुदतीचे युजर-पासवर्ड तयार करून देऊ लागली.

कंटेनर (प्रोग्रॅम त्याच्या गरजेच्या सगळ्या गोष्टींसह बांधून चालवण्याची पद्धत) आल्यावर अ‍ॅपच्या प्रती आपोआप वाढू-घटू लागल्या आणि तो गुणाकार हाताबाहेर गेला. म्हणून आज कित्येक ठिकाणी मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे पोस्टग्रेससमोरचा सामाईक पूल, उभा असतो. अशा ठिकाणी अ‍ॅपच्या पोर्टच्या रकान्यात पोस्टग्रेसच्या 5432 ऐवजी बहुधा पीजीबाउन्सरचा 6432 दिसतो, आणि ट्रान्झॅक्शन पूलिंग (एक व्यवहार संपला की कनेक्शन दुसऱ्याला देणं) चालू असेल तर सेशनभर टिकेल म्हणून केलेल्या 'सेट'वर (सेटिंग बदलण्याच्या आज्ञेवर) विसंबता येत नाही.