स्वभावभेद, प्राण्यांतील

एकाच जातीच्या प्राण्यांच्या वागण्यात दिसणारा आणि वेळ-प्रसंग बदलले तरी टिकून राहणारा फरक. एक धीट, दुसरा बुजरा. एक भांडखोर, दुसरा कळपात मिळूनमिसळून राहणारा. कोणती म्हैस मारकी आणि कोणती गरीब, हे गोठ्यातल्या माणसाला शिकवावे लागत नाही. जीवशास्त्राने मात्र बराच काळ सरासरीच मोजली आणि हा फरक किरकोळ मानून सोडून दिला.

या विषयातला सर्वांत परिचित पक्षी म्हणजे नेदरलँड्समधील ग्रेट टिट. आपल्याकडची राखी वल्गुली ही त्याची जवळची नातलग. रानातून पकडलेला पक्षी पाच कृत्रिम झाडे असलेल्या खोलीत सोडायचा आणि पहिल्या दोन मिनिटांतली त्याची उड्डाणे व उड्या मोजायच्या, एवढीच चाचणी. काही पक्षी भराभर सगळी झाडे पालथी घालतात, काही फांदीवर बसून अंदाज घेत राहतात. पुन्हा चाचणी घेतली तरी बहुतेकांचा कल तोच राहतो. जित्याची खोड म्हणतात ती हीच. चपळांची चपळांशी आणि सावधांची सावधांशी चार पिढ्या जोडी लावल्यावर दोन वेगळी घराणी तयार झाली. या गुणाची आनुवंशिकता, म्हणजे पक्ष्यापक्ष्यांतल्या फरकातला वारशाने आलेला वाटा, सुमारे ५४ टक्के निघाली.

मग निसर्गनिवडीने एकच उत्तम स्वभाव का राखला नाही? कारण ‘उत्तम’ दरवर्षी बदलतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, या पक्ष्यांचे हिवाळ्यातले खाद्य असलेल्या बीच वृक्षांच्या बिया कमी पडल्या त्या वर्षी चपळ माद्या आणि सावध नर अधिक तगले. भरघोस पिकाच्या वर्षी नेमके उलटे घडले. संशोधकांनी त्याचा संबंध स्पर्धेशी जोडला. टंचाईत माद्यांना खाण्यासाठी झगडावे लागते, तर सुकाळात हिवाळा पार करणारे पक्षी वाढल्याने वसंतात जागेसाठी नरांची झुंबड उडते.

गप्पी माशांत शिकारी माशाजवळ जाऊन त्याची पाहणी करणारे धीट नर लवकर बळी पडतात. पण माद्यांची पसंती अशाच नरांना असते.

माणसातील बहिर्मुखता किंवा चिंताळूपणा हेही असेच लाभ-तोट्याचे सौदे असावेत, असे काही मानसशास्त्रज्ञ मानतात. तर्क आकर्षक आहे, पुरावा पक्ष्यांइतका भक्कम नाही. सॅम्युएल गॉस्लिंग व ऑलिव्हर जॉन यांनी १९९९ मध्ये माणसाखेरीज बारा जातींवरील अभ्यास पडताळले, तेव्हा कर्तव्यदक्षता हा स्वतंत्र गुण त्यांना फक्त चिंपांझीत आढळला. कुत्रा पाळणाऱ्यांना हे पटणे कठीण.