ससा खात नसेल तर उद्यावर ढकलू नका
ससे, गिनीपिग, हॅमस्टर, पक्षी आणि कासवं पाळणाऱ्या घरांसाठी आमच्या दवाखान्याचं माहितीपत्रक

कुत्र्याचं दुखलंखुपलं घरात सगळ्यांना कळतं. ससा मात्र शेवटपर्यंत कळू देत नाही. रानात अशक्त दिसेल तो आधी शिकार होतो, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच असतं. 'काल तर ठणठणीत होता' असं सांगत लोक येतात, आणि वजन केलं की कळतं, तो बरेच दिवस उतरतोय. म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर दर आठवड्याला वजन करा आणि कॅलेंडरवर लिहून ठेवा. तपासताना तुमची ही नोंद आम्हाला फार उपयोगी पडते.

सशाने किंवा गिनीपिगने दहा-बारा तास काहीच खाल्लं नाही, किंवा लेंड्या बारीक झाल्या, थांबल्या, तर त्याच दिवशी आणा, वेळ ठरलेली नसली तरी. आतडं थांबलं की गॅस धरतो, पोट दुखतं, आणि दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. ऑपरेशनआधीसुद्धा सशाला उपाशी ठेवू नका. त्याला उलटी होऊच शकत नाही, त्यामुळे कुत्र्या-मांजराचा नियम इथे लागू नाही. येताना त्याचं नेहमीचं गवत आणा, शुद्धीवर आला की आम्ही तेच पुढे ठेवतो.

आमच्याकडे येणाऱ्या सशांच्या निम्म्या तक्रारींचं मूळ दातांत निघतं. सशाचे दात जन्मभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. ते झिजतात गवत चावून. पोळी, बिस्किटं आणि नुसत्या पेलेटवर (तयार खाद्याच्या गोळ्यांवर) वाढलेल्या सशाच्या दाढांना टोकं येतात, जीभ आणि गाल सोलतात, लाळेने हनुवटी ओली राहते. काही दुकानांत नेलकटरने दात कापून देतात. कृपया ते करू नका: दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होतो. आम्ही भूल देऊन वाढलेले दात यंत्राने घासून कमी करतो.

खाण्यात साधारण 80 टक्के सुकं गवत हवं. टिमोथी या परदेशी गवताचं पाकीट परवडत नसेल तर फवारणी न झालेली, नीट वाळवलेली हरळी चालते. लसूणघास पिल्लांना ठीक, पण मोठ्या सशाला रोज घातला तर जादा कॅल्शियममुळे मूत्राशयात खडे होऊ शकतात. गाजर हा गोड खाऊ आहे, जेवण नव्हे, चित्रात काहीही दाखवोत.

गिनीपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही. ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज द्या. पाण्यात टाकायचे थेंब प्रकाशात लवकर निकामी होतात, त्यांच्या भरवशावर राहू नका.

घरात उरलेलं औषध कधीही देऊ नका. माणसांना सर्रास दिलं जाणारं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक ससा, गिनीपिग किंवा हॅमस्टरच्या पोटात गेलं तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

पक्षी असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापवू नका. त्याच्या धुराने बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यातला छोटा पोपट, काही मिनिटांत मरतो. लाल पट्टीच्या पाणकासवाला बसायला कोरडी जागा आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लागतो. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्या कामाचं नाही. डोळे सुजले, कवच मऊ लागलं तर दाखवा. कासवाला हात लावल्यावर साबणाने हात धुवा, लहान मुलांचेही.

गळ्याला गुलाबी कंठ असलेला आपला हिरवा पोपट आणि स्टार कासव पाळणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे गुन्हा आहे. कुणी आणून दिलं असेल तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवा. आफ्रिकन ग्रे पोपटासारख्या काही विदेशी जातींची नोंदणी 2024 च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

या प्राण्यांची तपासणी आम्ही सकाळी, कुत्र्यांची गर्दी व्हायच्या आत करतो. एप्रिल-मे महिन्यांत तर दुपारी आणूच नका. पारा तिशीपार गेला की सशाला उष्माघाताची भीती असते. पिंजऱ्याचा मोबाइलवर फोटो, तो खातो त्या पाकिटाचं लेबल आणि ताज्या लेंड्या डबीत घालून आणा. जोडी असेल तर दोघांनाही आणा, एकटा ससा बिथरतो.