बेरियमचा एक्सरे: ते पांढरं घट्ट पाणी प्यायला का देतात, त्यामागची गोष्ट

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘बेरियम स्वॉलो’ नाहीतर ‘बेरियम मील’ (बेरियम पाजून काढायचा अन्ननलिकेचा नाहीतर जठराचा एक्सरे) लिहून दिलं की घरी येईपर्यंत माणूस मोबाइलवर बेरियम शोधतो, आणि पहिल्या दोन-चार ओळींतच वाचायला मिळतं की बेरियमचे क्षार विषारी असतात, उंदीर मारायच्या औषधात वापरले जायचे. झालं, रात्रीची झोप गेली. त्यात हॉस्पिटलमधून मिळालेल्या कागदावर नुसत्या सूचना, उपाशी या, पांढरं औषध प्यावं लागेल, टेबलावर कुशी बदलाव्या लागतील, दोन दिवस शौचाला पांढरं होईल, पण का ते कुणी सांगत नाही. यातली प्रत्येक सूचना कुणीतरी कधीतरी अडचणीत सापडून, कधी चूक होऊन शिकलेली आहे, आणि ती हकीकत कळली की निम्मी भीती तिथेच जाते असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे सगळं जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात अर्थात एक्सरे शोधणाऱ्या रोंटगेन यांच्यापासून. ८ नोव्हेंबर १८९५ ला जर्मनीतल्या वुर्झबुर्गमध्ये त्यांना हे अनोळखी किरण सापडले, डिसेंबरमध्ये बायकोच्या हाताचा फोटो काढला, त्यात हाडं आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसली. काही महिन्यांत जगभरचे डॉक्टर मोडलेली हाडं, शरीरात अडकलेल्या गोळ्या बघायला लागले. पण पोट? पोटात काहीच दिसेना. हाडात कॅल्शियम असतं, ते किरण अडवतं म्हणून हाड उठून दिसतं, आणि जठर, आतडं, आजूबाजूचे स्नायू, रक्त हे सगळं किरणांच्या दृष्टीने जवळजवळ सारखंच, पाण्यासारखं. फोटोत नुसता करडा धूसर पट्टा. म्हणजे आतडं बघायचं तर त्याच्या आत किरण अडवणारं काहीतरी भरायला पाहिजे, मग त्या भरलेल्या वस्तूचा आकार तोच आतड्याच्या पोकळीचा आकार. बेरियमची सगळी तपासणी या एका कल्पनेवर उभी आहे.

ही कल्पना नीट कामाला लावली ती वॉल्टर कॅनन या हार्वर्डच्या मेडिकलच्या विद्यार्थ्याने, आणि तेव्हा तो पहिल्याच वर्षाला होता. त्याचे प्राध्यापक बॉडिच यांनी सुचवलं की या नव्या किरणांनी गिळण्याची क्रिया बघ. डिसेंबर १८९६ मध्ये त्याने कुत्र्याला मोत्याचं बटण गिळायला दिलं आणि ते घशातून खाली जाताना पडद्यावर पाहिलं. मग हंसाची लांब मान वापरली, त्यात बिस्मथ (किरण अडवणारा एक जड धातू) भरलेली कॅप्सूल कशी उतरते ते लोकांना दाखवलं. पुढे मांजरांना बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन जठर कसं लाटेसारखं आकुंचन पावतं ते तासन्‌तास बघून त्याची चित्रं काढली आणि १८९८ मध्ये ते छापलं. त्यात एक गोष्ट त्याच्या लक्षात आली जी मला फार महत्त्वाची वाटते: मांजर घाबरलं, चिडलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की परत सुरू. भीती आणि राग शरीरात काय करतात यावरचं कॅनन यांचं पुढचं सगळं नावाजलेलं काम या निरीक्षणातून निघालं. म्हणून टेबलावर झोपल्यावर टेक्निशियन शांत राहा, मोकळा श्वास घ्या असं म्हणतात तेव्हा ते नुसतं धीर द्यायला म्हणत नाहीत, पोटाच्या हालचालीवर मनाचा परिणाम होतो हे याच तपासणीच्या जन्मापासून माहीत आहे. कॅनन यांना मात्र या कामाची किंमत मोजावी लागली, त्या काळात किरणांपासून आडोसा कुणी धरत नव्हतं आणि पुढच्या आयुष्यात त्यांना जो त्वचेचा गंभीर आजार झाला त्याचं मूळ याच किरणांत असल्याचं मानलं जातं.

माणसांवर ही पद्धत रुळवली ती म्युनिकच्या हर्मन रीडर यांनी, १९०४ च्या सुमारास. बिस्मथ सबनायट्रेट पातळ खिरीसारख्या पदार्थात कालवून रुग्णाला खायला द्यायचं, आणि मग पडद्यावर बघायचं. ‘रीडर मील’ असंच नाव पडलं त्याला. आजही आपण ‘बेरियम मील’ म्हणतो, त्यातलं मील म्हणजे जेवण, ते तिथूनच आलंय, खरंच तेव्हा वाडग्यातून खायला द्यायचे. पण बिस्मथच्या या क्षारात नायट्रेट असतं, आणि मोठ्या डोसमध्ये दिल्यावर काही रुग्णांच्या आतड्यातले जिवाणू त्याचं नायट्राइट करायचे, ते रक्तात गेलं की रक्ताची ऑक्सिजन वाहायची ताकद जायची, ओठ निळे पडायचे, काही जण दगावलेसुद्धा. तपासायला आलेला माणूस तपासणीनेच जावा याहून वाईट काय असणार. बिस्मथचे दुसरे क्षार वापरून बघितले, पण ते महाग.

मग १९१० मध्ये जर्मनीतच बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट पुढे आणलं, आणि आता त्या झोप उडवणाऱ्या प्रश्नाचं उत्तर. बेरियम विषारी असतो तो पाण्यात किंवा पोटातल्या आम्लात विरघळला तर. बेरियम कार्बोनेट आम्लात विरघळतं, रक्तात जातं, रक्तातलं पोटॅशियम घसरतं, स्नायू आणि हृदय बिघडतं. बेरियम सल्फेट पाण्यातही विरघळत नाही आणि जठरातल्या आम्लातही नाही, त्याचे बारीक कण जसे तोंडातून गेले तसेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात, रक्तात जवळजवळ काहीच जात नाही. नावात बेरियम आहे पण शरीराच्या लेखी ती बारीक दगडाची पूड आहे, आणि खरंच निसर्गात ते बॅराइट नावाच्या जड दगडाच्या रूपात सापडतं, बेरियम हे नावच ‘जड’ अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलंय. वर स्वस्त. शंभर वर्षांहून जास्त काळ झाला, पोटाच्या एक्सरेसाठी याच्याइतकं साधं दुसरं काही मिळालेलं नाही. फक्त ते शुद्ध असलंच पाहिजे. २००३ मध्ये ब्राझीलमध्ये कार्बोनेटची भेसळ असलेलं बेरियम सल्फेट रुग्णांना दिलं गेलं आणि त्यात माणसं मेली. म्हणून हे औषधाच्या दर्जाचं, तपासून आलेलंच वापरायचं हा नियम कागदी नाही, त्याच्यामागे जीव गेलेत.

सल्फेट विरघळत नाही हा गुण, पण त्याचीच दुसरी बाजूही आहे. आतड्याला किंवा अन्ननलिकेला भोक पडलं असेल तर ते कण पोटाच्या किंवा छातीच्या पोकळीत सांडतात, तिथून विरघळून निघून जात नाहीत आणि भयंकर दाह होतो. म्हणून भोक पडल्याची शंका असली की बेरियम न देता आयोडीनचं, पाण्यात विरघळणारं औषध देतात. नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालं असेल, अचानक जोरात पोट दुखत असेल, गिळताना खोकला येऊन घास श्वासनळीत जातोय असं वाटत असेल तर हे आधी सांगाच, कुणी विचारलं नाही तरी सांगा.

पडद्यावर हलतं चित्र बघायचं त्याला फ्लोरोस्कोपी म्हणतात, त्याचीही एक वेगळी कहाणी आहे. जुन्या पडद्याचं चित्र इतकं मंद असायचं की डॉक्टर काळोख्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं नुसते बसून राहायचे, डोळे अंधाराला सरावेपर्यंत. १९१६ मध्ये ट्रेंडेलेनबुर्ग यांनी लाल चष्मा सुचवला, तो घालून उजेडात वावरलं तरी डोळे अंधारासाठी तयार राहतात, मग रेडिओलॉजिस्ट लाल चष्मे लावून हॉस्पिटलभर फिरायचे. रुग्णाला त्या अंधारात उभं करून पेला हातात द्यायचे, काय होतंय ते त्याला दिसायचंही नाही. १९४८ मध्ये कोल्टमन यांनी चित्र शेकडो पटीने उजळ करणारी नळी दाखवली आणि पुढच्या काही वर्षांत ती काळोखी खोली गेली. आज खोलीत दिवे असतात, समोर टीव्हीसारखा स्क्रीन असतो, बऱ्याचदा तुम्हालाही दिसतो, स्वतःचा घोट खाली उतरताना बघून खूप जणांची भीती कमी होते.

आता कुशी बदलण्याबद्दल, कारण तक्रार सगळ्यात जास्त तिथेच असते. आधी आतडं बेरियमने पूर्ण भरून टाकायचे, त्यामुळे बाहेरचा आकार कळायचा पण आतल्या अस्तरावरचा छोटा मोड (पॉलिप, म्हणजे अस्तरातून वर आलेली गाठ) किंवा उथळ व्रण त्या पांढऱ्या लोंढ्यात बुडून जायचा. १९२३ मध्ये जर्मनीच्या फिशर यांनी मोठ्या आतड्यातलं बेरियम काढून टाकून मग हवा भरली, अस्तरावर पातळ पांढरा थर राहिला आणि आत हवेमुळे सगळं उघडं झालं, भिंतीवरची बारीक सुरकुतीसुद्धा दिसायला लागली. हीच डबल कॉन्ट्रास्ट पद्धत. स्वीडनमध्ये वेलिन यांनी ती मोठ्या आतड्यासाठी घासूनपुसून घेतली, आणि जपानमध्ये शिराकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जठरासाठी, कारण तिथे जठराचा कॅन्सर फार. १९६० च्या दशकापासून जपानमध्ये एक्सरेच्या गाड्या गावोगावी जाऊन लोकांना बेरियम पाजून तपासायला लागल्या, आणि लक्षणं दिसायच्या आधीचे, अगदी अस्तरापुरते असलेले कॅन्सर त्यात सापडले. काही मिलिमीटरची सूज एका साध्या पांढऱ्या पातळ थरात ओळखायची, यासाठी नजर किती तयार लागत असेल! तर तुम्हाला फसफसणारी पावडर देतात, ढेकर दाबून ठेवा म्हणतात, डावीकडे वळा उजवीकडे वळा पालथे व्हा म्हणतात ते यासाठी, तो थर सगळीकडे सारखा लागला पाहिजे आणि गॅस आत राहिला पाहिजे. ढेकर आली तर आली, पुन्हा पावडर देतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

प्रत्यक्ष दिवशी काय होतं तर, स्वॉलो म्हणजे अन्ननलिकेची तपासणी, ती पंधरा-वीस मिनिटांत आटपते. मीलमध्ये जठर आणि लहान आतड्याची सुरुवात बघतात, अर्धा तास धरा. फॉलो-थ्रूमध्ये लहान आतडं बघतात, तिथे मात्र एक तास ते चार-पाच तास कितीही लागू शकतात कारण बेरियम आपल्या गतीने पुढे सरकतं आणि थोड्या थोड्या वेळाने फोटो काढतात, पुस्तक घेऊन जा. या सगळ्यांसाठी आदल्या रात्रीपासून किंवा काही तास उपाशी, कारण अन्नाचे कण फोटोत गाठीसारखे दिसतात. चव खडूच्या पाण्यासारखी, हल्ली त्यात गोड फ्लेवर असतो पण जडपणा जात नाही. मोठ्या आतड्यासाठीचा बेरियम एनिमा सगळ्यात अवघड वाटतो, आधी जुलाबाचं औषध घेऊन आतडं पूर्ण रिकामं करायचं, मग मागून बारीक नळी, बेरियम आणि हवा, पोट फुगल्यासारखं, शौचाला लागल्यासारखं होतं, कळ येते. आतडं सैल करणारं इंजेक्शन देतात कधी कधी. त्रास असह्य वाटला तर सांगायचं, हवा कमी करता येते.

किरणांबद्दल: साध्या छातीच्या एक्सरेपेक्षा यात डोस बराच जास्त असतो, एनिमासाठी ढोबळमानाने दोन-तीन वर्षांत आपल्याला निसर्गातून आपोआप मिळतो तेवढा. गरज असताना एकदा करायला हरकत नाही, पण गरोदरपणाची थोडीही शक्यता असेल तर आधी सांगायचंच. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशी राहायच्या दिवशी डोस कसा घ्यायचा ते डॉक्टरांना विचारून ठेवायचं.

मग एंडोस्कोपी आली, १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी वाकणारी फायबरची दुर्बीण दाखवली, १९६९ मध्ये कोलोनोस्कोपीतून, म्हणजे मोठ्या आतड्यात घातलेल्या दुर्बिणीतून, मोड कापून काढता आला, १९७० च्या दशकात सीटी स्कॅन. डोळ्याने बघता येतं, तुकडा काढता येतो, तर सावली कशाला बघायची? आणि हे बरोबरच होतं. ब्रिटनमध्ये बेरियम एनिमा आणि सीटी कोलोनोग्राफी (सीटी स्कॅनने मोठं आतडं बघणं) यांची तुलना करणारा मोठा अभ्यास २०१३ मध्ये छापून आला, त्यात सीटीने १०० पैकी ७.३ जणांत कॅन्सर किंवा मोठे मोड शोधले, बेरियमने ५.६ जणांत. मोठ्या आतड्यासाठी बेरियम एनिमा आता बऱ्याच ठिकाणी बंदच झालाय, आणि कुणी सुचवला तर सीटी किंवा कोलोनोस्कोपी का नको हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पण गिळणं बघायला मात्र बेरियम अजूनही फार उपयोगी पडतं, कारण गिळणं एक-दोन सेकंदांत होऊन जातं आणि ते यात हलत्या चित्रात बघता येतं. पक्षाघातानंतर ठसका लागणाऱ्या माणसांसाठी अमेरिकेत जेरी लोगमन यांनी याच तपासणीचं वेगळं रूप बसवलं, पातळ पाणी, घट्ट द्रव, मऊ घास आणि बिस्किटासारखं काही, सगळ्यांत बेरियम मिसळून एकेक घोट देतात आणि व्हिडिओ काढतात, मग हळूहळू परत बघून कुठल्या घोटाला काय श्वासनळीकडे जातंय ते ठरवतात. त्यावरून मान कशी ठेवून गिळायचं, पाणी घट्ट करून द्यायचं का, हे सगळं ठरतं. कॅननने हंसाच्या मानेत जे बघितलं तेच आज आजोबांच्या घशात बघतात.

तपासणी झाली की लगेच नेहमीचं जेवण चालतं, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर. पाणी मात्र भरपूर प्या, दोन दिवस तरी, कारण बेरियममधलं पाणी आतडं शोषून घेतं आणि मागे राहिलेला भाग कडक होऊन बसतो. शौचाला पांढरट किंवा फिकट होईल, फ्लश दोनदा करावा लागेल, दोन-तीन दिवसांत रंग परत येतो. तीन दिवसांत शौचालाच झालं नाही, पोट फुगलं, दुखायला लागलं, उलट्या झाल्या तर वाट बघत बसू नका, फोन करा आणि बेरियम घेतलं होतं हे पहिल्या वाक्यात सांगा.