सॉकेट जळतं, तरी एमसीबी का पडत नाही?

दुकानाला किंवा घराला आग लागली की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेलं असतं: शॉर्टसर्किट. हा शब्द इतका रुळला आहे की एमसीबी (धारा फार वाढली की आपोआप पडणारा स्विच) बसवला म्हणजे आगीची काळजी मिटली, असं बहुतेकांना वाटतं. शॉर्टसर्किट झालं तर एमसीबी खरोखरच क्षणात पडतो. पण घरातली जी सॉकेटं काळी पडतात, ज्यांचं प्लास्टिक वितळून फुगतं, ती बहुधा शॉर्टमुळे जळत नाहीत. ती लूज कॉन्टॅक्टमुळे, म्हणजे सैल जोडामुळे जळतात आणि लूज कॉन्टॅक्ट एमसीबीला दिसतच नाही. वायरमनने नवं सॉकेट बसवलं तरी काही महिन्यांत तेही का जळतं, याचं उत्तर यातच आहे.

साधा हिशेब करू. २००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर धारा घेतो. प्लगची पिन आणि सॉकेटमधली पितळी पट्टी यांचा जोड घट्ट असेल तर त्याचा रोध काही मिलिओहम असतो. तो ५ मिलिओहम धरा. दहावीत शिकलेल्या ज्यूलच्या नियमाने (धारेचा वर्ग गुणिले रोध) त्या जोडात जेमतेम ०.४ वॅट उष्णता निर्माण होते. ती कोणाला जाणवणारही नाही. आता पट्टी सैल झाली आणि रोध ०.२ ओहम झाला असं समजा. उष्णता होते १५ वॅट. रेडिओ दुरुस्तीच्या लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण एवढीच असते, आणि ती इथे बोटाच्या पेराएवढ्या बंद जागेत सतत चालू आहे.

एवढं होऊनही गीझरला काही फरक पडत नाही. त्या जोडावर पावणेदोन व्होल्टच खर्च होतात, उरलेले २२८ गीझरला मिळतात, पाणी तापतं. एकूण धारा वाढत नाही, उलट एक टक्क्याहूनही थोडी कमीच घटते. एमसीबीला कळते ती फक्त धारा. १६ अँपियरच्या एमसीबीतली तापणारी पट्टी १८ अँपियरपर्यंत पडू नये आणि २३ अँपियरला तासाभरात पडावी, अशी तिची रचना असते. त्यातलं चुंबक तर ‘सी’ प्रकारात ८० ते १६० अँपियरला ओढतं. ८.७ अँपियरवर तो शांत राहणारच. तो बिघडलेला नसतो. हे त्याचं कामच नाही.

मुळात जोड म्हणजे काय, हे नीट पाहिलं तर पुढचं सगळं कळतं. पिन आणि पट्टी दोन्ही डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर उंचवटे असतात. त्यामुळे ती पूर्ण पृष्ठभागाने भेटत नाहीत. मोजक्या उंचवट्यांची टोकंच एकमेकांवर दाबली जातात आणि सगळी धारा त्या ठिपक्यांतून जाते. विद्युत जोडांच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या रॅग्नार होल्म यांनी धारा अशी ठिपक्यांत आकसण्याचं गणित मांडलं. एका ठिपक्याचा रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याच्या त्रिज्येची दुप्पट. त्रिज्या निम्मी झाली की रोध दुप्पट. ठिपके किती रुंद होणार हे दाबावर ठरतं, कारण दाबाखाली उंचवटे चपटे होतात. म्हणून सॉकेटचा खरा जीव पितळी पट्टीच्या जाडीपेक्षा तिच्या स्प्रिंगच्या दाबात आहे.

इथून दुष्टचक्र सुरू होतं. जोड तापला की पितळेचा ताण सैलावतो आणि ते पूर्वीसारखं दाबत नाही. दाब घटला की ठिपके लहान होतात, हवा आत शिरते, धातूवर ऑक्साइडचा थर चढतो. रोध आणखी वाढतो, जोड आणखी तापतो. गीझर रोज चालू-बंद होतो, तेव्हा तांबं आणि पितळ वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण-आकुंचन पावतात आणि मागच्या स्क्रूखालची वायरही हळूहळू ढिली होते. तिथे ठिणग्या पडत राहिल्या की तांब्यावर क्युप्रस ऑक्साइड वाढत जातं. हा अर्धवाहक आहे. धातू तापला की त्याचा रोध वाढतो. याचा मात्र कमी होतो. म्हणून जो भाग आधी तापला त्याच बारीक रेषेत सगळी धारा गोळा होते, ती रेषा लालबुंद होते आणि ऑक्साइड वितळण्याच्या तापमानापर्यंत, म्हणजे १२०० अंशांच्या आसपास, पोचू शकते. हे सारं नेहमीच्या धारेवर घडतं. प्लास्टिक जळल्याचा, कुजक्या मासळीसारखा उग्र वास येतो तो याच टप्प्यावर.

खान्देशात यात हवामानाची भर पडते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. घरातल्या वायरचं साधं पीव्हीसी इन्सुलेशन ७० अंशांपर्यंतच दीर्घकाळ टिकतं. ३० अंशांच्या हवेत वायरला तापायला ४० अंशांची सवलत असते, ४५ अंशांत फक्त २५ची. उष्णता धारेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ३० अंशांत २० अँपियर सहज पेलणारी वायर ४५ अंशांत जेमतेम १६ पेलते. सॉकेटच्या जोडालाही हाच हिशेब लागू आहे. बोर्ड आग्नेयेला नसेल तर सारखा जळतो, असं सांगणारे भेटतात. दिशेने जोडाचा रोध बदलत नाही. बोर्ड पाण्यापासून दूर हवा आणि उन्हात तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर जड लोडचा पॉइंट शक्यतो नको, एवढं मात्र खरं. त्याच सॉकेटात लावायला ‘वीज बचत यंत्र’ म्हणून जी डबी विकतात तिच्यात एक कपॅसिटर आणि एक एलईडी असतो. घरगुती मीटर किलोवॉट-तास मोजतं. कपॅसिटरने ते कमी होत नाहीत.

आता दुरुस्ती. मेन स्विच बंद केल्यावर टेस्टर न लागण्यावर विसंबू नये. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर लावून खात्री करावी. सॉकेट उघडल्यावर आधी वायरचं टोक पाहावं. तांबं काळं पडलेलं आणि इन्सुलेशन कडक झालेलं असेल तर चकचकीत तांबं आणि मऊ इन्सुलेशन लागेपर्यंत ते कापावं. मग वायर अपुरी पडली तर टेप गुंडाळून तुकडा जोडू नये. तो नवा लूज कॉन्टॅक्ट ठरतो. स्विचपासून नवी वायर ओढावी: १६ अँपियरच्या पॉइंटला किमान २.५, एसी किंवा मोठ्या गीझरला ४ चौरस मिलिमीटर तांब्याची. टोक १०-१२ मिलिमीटर सोलावं, सगळ्या तारा पिळून दुहेरी दुमडाव्यात, एकही तार बाहेर राहू देऊ नये. छिद्रात मावत नाही म्हणून काही तारा छाटणं ही सर्रास होणारी चूक आहे. टोकाला सोल्डर लावून स्क्रू आवळणंही चूकच, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरतं आणि पकड सुटते. आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहावी. समोरून पाहता अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे, आणि स्विच फेजमध्येच.

सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे प्लग. सॉकेट जळलं तेव्हा पिनही तापलेली, काळवंडलेली असते. तीच खडबडीत पिन नव्या सॉकेटात घातली की नवी पट्टीही त्याच चक्रात सापडते. म्हणून सॉकेट बदललं की प्लगही बदलावा. पॉलिश पेपरने पिन घासून भागत नाही. १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा अँपियर घेतो, म्हणजे ६ अँपियरच्या सॉकेटवर तोही जास्तच. जाड पिनचा प्लग कन्व्हर्टर लावून लहान सॉकेटात बसवणं तर पूर्ण बंद करावं. काम झाल्यावर गीझर अर्धा तास चालवावा, स्विच बंद करून प्लग काढावा आणि पिनांना हात लावावा. कोमट चालतील, हात ठेववत नसेल तर जोड अजून सैल आहे.

याच कामात अर्थिंगही तपासून घ्यावं, विशेषतः आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी पत्र्याचे कूलर माळ्यावरून उतरतात तेव्हा. अर्थची वायर सापडली नाही की काही जण सॉकेटमध्येच न्यूट्रलची पिन अर्थच्या पिनेला जोडून देतात. फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावून पाहिला तर तो झकास पेटतो आणि घरमालकाचं समाधान होतं. पण मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर कूलर चालू असताना मोटरमधून आलेला फेज थेट ओल्या पत्र्यावर उतरतो. गळणारी धारा न्यूट्रलमधूनच परतत असल्याने ३० मिलिअँपियरचा आरसीसीबीही (धारेची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) या जोडणीत फसतो. त्याला जाणारी आणि येणारी धारा सारखीच दिसते. हे ओळखायला त्या सॉकेटवर इस्त्रीसारखा लोड चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजावा. खरं अर्थिंग असेल तर न्यूट्रलच्या वायरमुळे व्होल्टभर किंवा थोडा जास्त फरक दिसतो. लोडवरही नेमका शून्य आला तर सॉकेट उघडून पाहावंच. खऱ्या अर्थिंगचीही उन्हाळ्यात परीक्षा असते: तापीकाठची काळी माती ओली असताना वीज छान वाहून नेते, पण एप्रिलमध्ये सुकून भेगाळली की अर्थच्या खड्ड्याचा रोध बराच वाढतो. कूलर चालू असेपर्यंत त्या खड्ड्यात दर आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतावं.