न्यूरल ट्यूब आणि तिचे जन्मदोष

मेंदू आणि मेरुरज्जू (कण्यातून खाली जाणारी मज्जेची दोरी) हे दोन्ही भ्रूणात एकाच नळीपासून बनतात. ती न्यूरल ट्यूब, मराठी पाठ्यपुस्तकांतली तंत्रिका नलिका. गर्भधारणेनंतर साधारण १८व्या दिवशी भ्रूणाच्या पाठीकडच्या बाह्यस्तरात (पेशींचा सगळ्यात बाहेरचा थर) एक जाडसर पट्टी दिसायला लागते, मग तिच्या दोन्ही कडा उचलल्या जातात, मधे खाच पडते, आणि करंजी भरून आपण पारीच्या कडा जुळवतो तशा या कडा २२व्या दिवसाच्या आसपास, पुढे जिथे मान होणार त्या भागात, एकमेकींना चिकटतात. नळीचं डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या सुमारास मिटतं, खालचं २८व्या दिवसापर्यंत, एकदोन दिवस मागेपुढे. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीपासून, म्हणजे या आकड्यांत दोन आठवडे मिळवायचे. पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत हे सगळं उरकलेलं असतं, बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेलेत हेही पक्कं माहीत नसतं, आणि या नोंदीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

बाह्यस्तराच्या त्याच तुकड्याची कातडी न होता मेंदू का होतो, याचा पहिला भक्कम पुरावा जर्मनीत मिळाला. हिल्डे मँगोल्ड यांनी न्यूट या उभयचर प्राण्याच्या भ्रूणातला एक छोटा तुकडा काढून दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडे बसवला, तर तिथे दुसरी न्यूरल ट्यूब उभी राहिली, तीही बहुतांशी यजमान भ्रूणाच्याच पेशींची. निबंध १९२४ मध्ये छापला गेला, त्याच वर्षी मँगोल्ड अपघातात गेल्या, आणि १९३५चं नोबेल त्यांचे गुरू हान्स श्पेमान यांना मिळालं. त्या तुकड्याला ऑर्गनायझर म्हणतात. तो बीएमपी नावाच्या प्रथिनांचे सिग्नल अडवतो, त्यामुळे वरच्या पेशी कातडीकडे न जाता मज्जेकडे वळतात, हे पुढे बऱ्याच वर्षांनी कळलं.

नळी नेमकी किती ठिकाणांहून मिटत जाते यावर अजून एकमत नाही. जुनं मत असं की मानेपाशी एका जागी सुरुवात आणि तिथून दोन्हीकडे चेनसारखं मिटत जाणं. उंदरात मात्र एकाहून जास्त जागा सापडल्या, मग १९९३ मध्ये व्हॅन ॲलन आणि सहकाऱ्यांनी दोष असलेल्या बाळांचे नमुने तपासून माणसात पाच जागा असाव्यात असं मांडलं, कारण वेगवेगळे दोष ठरावीक जागीच दिसतात ते त्यातून छान उलगडतं. पण जपानमधल्या क्योतोच्या संग्रहातले मानवी भ्रूण पाहून नाकात्सू आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये तीन जागा सांगितल्या, तर ओराहिली आणि म्युलर यांनी २००२ मध्ये दोनच. दोषावरून उलटा अंदाज बांधण्यापेक्षा प्रत्यक्ष भ्रूण पाहून काढलेला निष्कर्ष जास्त भरवशाचा, त्यामुळे दोन किंवा तीन हा आकडा धरून चालावं. माकडहाडाकडचा शेवटचा भाग या पद्धतीने बनतच नाही, तिथे पेशींचा भरीव गोळा आधी होतो आणि नंतर आतून पोकळ होतो, म्हणून तिथले दोष बहुधा कातडीखाली झाकलेले असतात.

डोक्याकडची बाजू उघडी राहिली तर ॲनेन्सेफली होते, कवटीचा वरचा भाग आणि मेंदूचा मोठा हिस्सा बनत नाही आणि बाळ जगत नाही. खालची उघडी राहिली तर स्पायना बिफिडा. त्याचा सौम्य प्रकार कित्येकदा कधी कळतही नाही, कंबरेच्या खाली केसांचा झुपका किंवा खळी एवढीच खूण. गंभीर प्रकारात बाळाच्या पाठीवर पातळ पापुद्र्याची पिशवी असते, आत मज्जा दिसते, आणि ऑपरेशन होईपर्यंत त्यावर सलाइनने भिजवलेलं निर्जंतुक गॉज ठेवून बाळाला पालथं निजवतात. पायांत ताकद कमी, लघवी-संडासवर ताबा नाही, आणि मेंदूचा खालचा भाग मानेकडे ओढला गेल्याने अनेकांच्या डोक्यात पाणी साठतं, मग शंट (ते पाणी काढून देणारी बारीक नळी) बसवावा लागतो.

कारणं अनेक आहेत. आनुवंशिकता, आईचा ताब्यात नसलेला डायबिटीस, फिटवरचं व्हॅल्प्रोएट हे औषध (ते मनाने बंद करायचं नाही, गर्भाचा विचार सुरू झाला की आधी डॉक्टरांशी बोलायचं). पण सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण फॉलिक ॲसिडची कमतरता. या जीवनसत्त्वाची गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे, १९२८ पासून ल्यूसी विल्स यांनी इथल्या गरोदर कापड कामगार बायकांचा ॲनिमिया अभ्यासला आणि तो यीस्टच्या अर्काने बरा होतो हे दाखवलं, त्यातला घटक पुढे फॉलिक ॲसिड ठरला. नाव १९४१ मध्ये पालकाच्या पानांवरून पडलं. १९९१च्या ब्रिटिश चाचणीत, ज्यांना आधी असं बाळ झालं होतं अशा बायकांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. इतरांना रोज ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, पण गर्भ राहण्याच्या निदान महिनाभर आधीपासून. आपल्याकडे चौथ्या महिन्यापासून मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी रक्तवाढीसाठी आहे, तोवर नळी केव्हाच मिटलेली असते. अमेरिकेने १९९८ पासून पिठातच फॉलिक ॲसिड घालायला लावलं, पण आपल्याकडे कितीतरी घरांत दळण गिरणीतून येतं, तिथे हा उपाय पोचवणं अवघड आहे.

ॲनेन्सेफली बहुधा ११ ते १४ आठवड्यांच्या सोनोग्राफीत दिसते, स्पायना बिफिडा १८ ते २० आठवड्यांच्या. भारतात २०२१च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग असेल तर २४ आठवड्यांनंतरही मेडिकल बोर्डाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. पोटातच बाळाची पाठ शिवण्याचं ऑपरेशन २०११च्या अमेरिकन चाचणीनंतर पुढे आलं. ते २६ आठवड्यांच्या आत करतात, शंटची गरज कमी होते आणि जास्त मुलं चालू शकतात, पण बाळ लवकर जन्मण्याचा धोका वाढतो, आणि गर्भाशय उघडून ते केलं असेल तर आईला पुढच्या प्रत्येक बाळंतपणात सिझेरियनच करावं लागतं.