टेकलेला पाइप, जोडलेला पाइप

नळयोजनेचा नकाशा संगणकावर उघडला की निळ्या रेषांचं जाळं दिसतं. टाकीपासून निघालेली मेन लाइन, तिच्यातून फुटणाऱ्या गल्लीबोळातल्या लाइनी, मधूनमधून व्हॉल्व्हची चिन्हं. बघणाऱ्याची समजूत अशी की रेषा रेषेला टेकली म्हणजे पाइप पाइपाला जोडला. कागदी नकाशावर ही समजूत चालून जायची. संगणकावर तीच महागात पडते.

एपानेट हा अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ साली आणलेला मोफत प्रोग्रॅम. पाणीपुरवठ्याची गणितं जगभर त्यावर होतात. त्याची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघावी. एका पाइपाची एक ओळ: पाइपाचं नाव, सुरुवातीचा नोड, शेवटचा नोड, लांबी, व्यास, खडबडीतपणा. नोड म्हणजे सांधा. नोडचे एक्स-वाय आकडे खाली वेगळ्या विभागात असतात आणि ते फक्त चित्रापुरते. दाबाच्या गणितात त्यांना काही काम नाही. म्हणून ‘जे १२’ आणि ‘जे १३’ हे दोन नोड तंतोतंत एकाच जागी बसवले तरी एकातलं पाणी दुसऱ्यात जाणार नाही. जोडणी ठरते ती नावावरून.

घोळ असा की सर्व्हेवाल्यांकडून जे येतं त्यात नावं नसतात, नुसत्या रेषा असतात. दोन रेषांची टोकं पुरेशी जवळ असली तर त्यांना एकच नोड मानायचं, या कामाला स्नॅपिंग म्हणतात. क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या प्रोग्रॅममध्ये रेघ ओढताना माऊस जुन्या टोकाजवळ नेला की ते टोक रंगीत होतं आणि नवी रेघ त्याला चिकटते. ‘जवळ’ म्हणजे किती, हे तिथे बहुधा १२ पिक्सेल असं ठरलेलं असतं. पिक्सेल साधारण ०.२८ मिलिमीटरचा धरला, तर १:५०० प्रमाणावर हे अंतर जमिनीवर पावणेदोन मीटरच्या आत राहतं. नकाशा लहान करून १:१०,००० वर काम केलं, तर तेच ३३ मीटरच्या वर जातं! पलीकडच्या गल्लीची लाइनही त्यात येऊ शकते.

मग टोकांचे आकडे हुबेहूब सारखे असतील तेव्हाच जोडावं, असं का करू नये? कारण तसे ते क्वचितच असतात. पुण्यातल्या एखाद्या बिंदूचं विषुववृत्तापासूनचं अंतर मीटरमध्ये लिहिलं तर ते वीस लाखांच्या पुढे जातं. एवढा आकडा ३२ बिटांत साठवला तर संगणकाची पट्टी साडेबारा सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी चालते, मधली जागा त्याला लिहिताच येत नाही. ६४ बिटांत पायरी नॅनोमीटरहूनही बारीक होते, पण एकच सांधा दोनदा मोजला की शेवटचे अंक वेगळे येणारच. तेव्हा थोडी सूट द्यावीच लागते.

आणि सूट दिली की शाळेतला एक नियम मोडतो. क बरोबर ख, ख बरोबर ग, तर क बरोबर ग. ‘जवळ’ला हे लागू नाही. एका सरळ रेषेत ०, ४० आणि ८० सेंटिमीटरवर तीन टोकं घ्या, सूट ५० सेंटिमीटर. प्रोग्रॅमने पहिल्यापासून सुरुवात केली तर दुसरं पहिल्याला चिकटून शून्यावर जातं आणि तिसरं एकटं पडतं. तिसऱ्यापासून सुरुवात केली तर पहिलं एकटं. मधल्यापासून केली तर तिन्ही एक! सर्व्हे तोच, सूट तीच, फक्त फाइलमधल्या ओळींचा क्रम बदलला आणि तीन वेगळी जाळी तयार झाली. ‘जवळच्याचा जवळचाही आपलाच’ असं धरलं तर आणखी पंचाईत: चाळीत ४० सेंटिमीटरवर एक अशी ३० फेरूल (घरचा नळ लाइनला जोडायचे सांधे) असतील, तर ११.६ मीटरची सगळी रांग गोळा होऊन एक बिंदू होते. मधल्या तुकड्यांची दोन्ही टोकं एकाच नोडवर येतात आणि एपानेट तसा पाइप सरळ नाकारतो.

यातून वाट आहे, आणि ती मला फार आवडते. मोजणीतली चूक जास्तीत जास्त ‘च’ समजा. एकाच सांध्याच्या दोन नोंदी मग २च पेक्षा दूर जाऊ शकत नाहीत. दोन खरोखर वेगळ्या सांध्यांत किमान अंतर ‘अ’ असेल, तर त्यांच्या नोंदी अ वजा २च पेक्षा जवळ येत नाहीत. सूट या दोहोंच्या मधे बसवली की जवळचे ते सगळे एकाच सांध्याचे. मोडलेला नियम पुन्हा लागू होतो आणि क्रमाने काही बिघडत नाही. मात्र अशी जागा मिळायला अ हा ४च पेक्षा मोठा हवा. मोबाइलच्या जीपीएसची चूक पाच मीटर धरली, तर वीस मीटरच्या आतले सांधे वेगळे ओळखण्याची हमी कुठलंही सॉफ्टवेअर देऊ शकत नाही. दोन सेंटिमीटर अचूकतेचं यंत्र वापरलं तर आठ सेंटिमीटरला भागतं. ‘डिजिटल ट्विन’च्या, म्हणजे खऱ्या नळयोजनेच्या संगणकावरच्या प्रतिकृतीच्या, झगमगीत सादरीकरणात ‘सर्व्हेची अचूकता किती’ हा प्रश्न जरूर विचारून बघा.

जमिनीखालचा पाइप शोधायची पद्धत हा तर आणखी वेगळा विषय. २०१७ साली ब्रिटनमधल्या १२ पैकी १० पाणी कंपन्यांनी कबूल केलं होतं की त्यांचे काही कर्मचारी अजून पाणाड्यासारखे हातात दांड्या धरून पाइप आणि गळती शोधतात. नियंत्रित चाचण्यांत पाणाडी नुसत्या अंदाजापेक्षा वरचढ ठरलेले नाहीत. अशा दांडीने सापडलेल्या लाइनीत ‘च’ किती धरायचा?

फाट्याचं प्रकरण निराळं. गल्लीची लाइन मेन लाइनच्या मधोमध येऊन टेकते, तिथे मेन लाइनला टोकच नसतं. प्रोग्रॅम लंब टाकून सर्वांत जवळचा बिंदू काढतो, पण आकडे गोल करताना तो बिंदू रेषेवरून केसभर सरकतो आणि ‘हा रेषेवर आहे का?’ असं लगेच विचारलं तर उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. म्हणून मेन लाइन तिथे तोडून दोन पाइप करायचे आणि तिन्हींना एकच नोड द्यायचा. एकमेकींना नुसत्या ओलांडणाऱ्या दोन लाइनी मात्र तोडायच्या नाहीत. एक मीटरभर खोल, दुसरी दोन मीटर, वरून फुली दिसते आणि सांधा कुठेच नसतो.

शेवटी एक तपासणी करावीच. टाकीच्या नोडपासून निघायचं, त्याला लागून असलेले नोड खुणवायचे, मग त्यांना लागून असलेले, असं खूण करायला नवं काही उरत नाही तोपर्यंत. बिनखुणेचे राहिले ते तुटलेले तुकडे. ती यादी घेऊन वॉर्डातल्या चावीवाल्याकडे जावं, कारण त्यातले काही तुकडे स्नॅपिंगमधून निसटलेले असतात, तर काही खरोखरच बंद केलेल्या जुन्या लाइनी असतात, आणि हा फरक फाइलमध्ये कुठेही लिहिलेला नसतो.